डिशवॉशर भरेपर्यंत आत साठणारा वास: तुम्ही काय करता?

तिखटमीठ

नमस्कार मंडळी. आमच्या घरी माणसं तीन, आम्ही दोघं आणि सासूबाई. डिशवॉशर मात्र 14 सेटिंगचा, म्हणजे 14 जणांची ताटं-वाट्या मावतील एवढा, घेतलाय, कारण दुकानदार म्हणाला कढई-कुकर त्यातच मावतात. मावतात हे खरं, पण तिघांच्या भांड्यांनी तो एका दिवसात भरत नाही. रात्रीची जेवणाची, सकाळची नाश्त्याची, मग दुपारची अशी साठत जातात आणि दुसऱ्या रात्री मशीन लागतं. तोवर दार उघडलं की आंबूस भपकारा तोंडावर. आमटी-भाताची भांडी असली तर चालवून घेते, पण ऑम्लेटची ताटली आत असली की तो हिवस वास अख्ख्या स्वयंपाकघरात. त्यात जुळे सोलापूरचा उन्हाळा, दुपारी पारा 42 च्या पुढे.

धुऊन निघालेली भांडी चकाचक असतात, त्यांना काही वास नाही. त्रास फक्त मधल्या वेळचा. सासूबाई म्हणतात, "मोरीत भांडी पडायची तेव्हा निदान वारा तरी लागायचा त्यांना."

आत लावण्याआधी विसळायची का? मग मशीन कशाला घेतलं? आणि पाणी तरी कुठंय, आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड. अर्धंच भरून लावावं का? व्हिडिओंमध्ये सोडा, व्हिनेगर, लिंबाची फोड, काय वाट्टेल ते सांगतात. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी सांगा.

भाकरीबडवे

पहिला नंबर! खात्रीचा उपाय: दोन दिवस शेजाऱ्यांकडं जेवायचं.

सातरस्ता

ताई, फिल्टर शेवटचा कधी काढला होता? राग मानू नका, दहातल्या आठ तक्रारी तिथंच संपतात. खालचा रॅक बाहेर काढा, तळाशी मधोमध गोल दांडा दिसेल, डावीकडे फिरवला की वर येतो. त्यात तीन भाग असतात: जाड जाळी, बारीक जाळी आणि पसरट चाळणी. नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घासायचं. तारेची घासणी नको, जाळी फाटते.

आपल्याकडे एक भानगड जास्त आहे, ती म्हणजे शेंगदाण्याचा कूट. प्रत्येक भाजीत कूट, वर शेंगाचटणी. कुटात तेल असतं आणि कण इतके बारीक की जाड जाळीतून सुटून बारीक जाळीत अडकतात. माझ्या मेहुण्याच्या मशीनचा फिल्टर काढला तेव्हा जाळीवर तपकिरी थर बसलेला, बोटाने ओढला तर मलमासारखा निघाला. हुंगलात तर खवट तेल. ते तेल तिथं महिनाभर बसून होतं आणि घरचे रोज ताटल्यांना नावं ठेवत होते.

आठवड्याला एकदा फिल्टर, दर वेळी नाही.

प्राजक्ता_कोथरूड

+१ फिल्टरला. पण तिखटमीठ, तुम्ही दार घट्ट लावून ठेवता का? धुणं झाल्यावर आणि मधल्या वेळातही बोटभर उघडं ठेवून बघा. आत ओल कोंडली की वास धरतो. लहान मूल घरात असेल तर मात्र सुऱ्या आत ठेवू नका.

तिखटमीठ

@सातरस्ता, फिल्टर मागच्याच रविवारी धुतलाय, तुम्ही म्हणता तसा थर नव्हता. @प्राजक्ता, दार उघडं ठेवलं तर झुरळं. तळमजला आहे आमचा.

कडकलक्ष्मी

विषय सोडून बोलते, चालेल ना? 40-50 हजारांचं मशीन घ्यायचं, मग त्याचं मीठ वेगळं, साबण वेगळा, चमक आणणारं पाणी वेगळं, आता वासाचा उपाय वेगळा. आमच्या मावशी सकाळी येतात, अर्ध्या तासात भांडी पालथी. मावशींचं घर चालतं, माझ्या घरी वास नाही.

सोलापुरी_टेक्सासात

@कडकलक्ष्मी, मावशी ज्या दिवशी येत नाहीत त्या दिवशी तुमच्या मोरीचा वास कसा असतो तेही लिहा की.

गंमत म्हणजे हे यंत्र ज्या बाईंनी काढलं, त्या जोसेफीन कॉक्रन यांच्या घरी भांडी घासायला नोकर होते. नोकर चिनी मातीच्या बश्यांचे टवके उडवायचे म्हणून वैतागून त्यांनी यंत्र बनवलं, 1886 साली पेटंट घेतलं आणि 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडलं. तेव्हा मावशी विरुद्ध मशीन हा वाद सव्वाशे वर्षांपेक्षा जुना आहे, आपण नवीन काही बोलत नाही.

मूळ प्रश्नावर: इथं आम्ही दोघंच, मशीन दिवसाआड लागतं. विसळत कधीच नाही, फक्त निपटतो. रबरी उलथन्याने ताटली कोरडीच कचऱ्यात साफ करायची. पाणी शून्य. वास नाही.

आत्याबाई

अरे टेक्सासवाल्या, तुझ्याकडे एसी चालू असतो रे बाळा. इथे कढीचं पातेलं दुपारी बारानंतर बाहेर राहिलं तर चारला त्याला तार येते. निपटून काय होणार? मी तरी हात लावल्याशिवाय आत ठेवत नाही. एका पातेल्यात तांब्या-दोन तांबे पाणी घ्यायचं, त्यातच सगळ्या ताटल्या-वाट्या एकामागून एक बुचकळायच्या, शेवटी ते पाणी झाडाला. कढीपत्ता छान वाढलाय.

आणि पिठाची परात कधीही तशीच आत लोटू नये. ज्वारीचं पीठ वाळलं की घट्ट धरून बसतं, मशीनच्या बापाला निघत नाही. निघालं तरी गोळे होऊन त्या जाळीत जातं.

भाकरीबडवे

आत्याबाई, भाकरीवर बोललाव म्हणून सांगतो, आमच्याकडं कडक भाकरीची ताटली धुवायलाच लागत नाही. भाकरीनंच पुसून खायची. डिशवॉशरवाले उगं टेन्शन घेऊलालेत.

रसायनी

विद्यार्थ्यांना रसायन शिकवणारा माणूस असल्यामुळे थोडं लांबण लावतो.

बंद मशीनमधला वास मुख्यतः तीन गोष्टींचा. पहिली, अंडं, मासे, मटण यांतली प्रथिनं आणि कांदा-लसणातली गंधकाची संयुगं. जीवाणूंनी ती फोडली की नाकाला झोंबणारे वायू सुटतात. उष्णतेत हे भराभर होतं, म्हणून टेक्सासचा एसी आणि जुळे सोलापूरचा एप्रिल यांची तुलना नको. दुसरी, तेल. ते हवेशी संयोग पावून खवट होतं, सातरस्ता यांनी वर्णन केलंच आहे. तिसरी, साठलेलं पाणी. फिल्टरखाली थोडं स्वच्छ पाणी राहणं नॉर्मल आहे, त्याने सील ओलं राहतं, ते उपसायची गरज नाही. पण ते गढूळ किंवा तेलकट दिसत असेल तर निचरा नीट होत नाहीये.

आता घरगुती उपाय. खायचा सोडा: मशीन भरत असताना तळाला दोन चमचे भुरभुरला तर आंबूस वास कमी होतो, कारण तो वास आम्लांचा असतो. अंड्याच्या वासावर त्याचा फारसा उपयोग नाही. लिंबूसत्व: रिकाम्या मशीनमध्ये तीन-चार चमचे टाकून सर्वात गरम प्रोग्राम लावा, क्षाराचा थर निघतो. त्या खरबरीत थरात तेल अडकून बसतं, म्हणून वासही जातो. व्हिनेगर अधूनमधून ठीक, सारखं वापरलं तर रबराला बाधतं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकणाऱ्यांना दंडवत. फसफसतं जोरात, पण दोघे एकमेकांना संपवतात, उरतं ते जवळजवळ साधं पाणी. लिंबाच्या फोडीतल्या बिया कुठे जातात ते फिल्टर काढलात की कळेल.

शिवाय रोज इको प्रोग्रामवर धुत असाल तर तो साधारण 50 अंशांवर चालतो. आपलं तेल-तूप त्यात पूर्ण सुटत नाही, कडांना बसतं. पंधरवड्यातून एकदा 65-70 अंशांचा प्रोग्राम लावा.

माढेकर

एवढं कशाला. आमच्या घरी टाकीत टाकायला टीसीएल पावडर असते. चमचाभर टाका आत, वास खल्लास.

रसायनी

@माढेकर, कृपया नको. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. आतला टब स्टीलचा असतो, क्लोरीनने त्याला खड्डे पडतात. त्याहून वाईट म्हणजे कुणी टीसीएल टाकली आणि मागून दुसऱ्याने लिंबूसत्व किंवा व्हिनेगर टाकलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात हे जिवावर बेतू शकतं. धागा वाचणाऱ्या सगळ्यांनी एवढं एक तरी लक्षात ठेवा.

माढेकर

बरं झालं बोललात सर. कानाला खडा.

प्राजक्ता_कोथरूड

रबराचा विषय निघालाच आहे तर दाराचं रबर पुसता का कुणी? विशेषतः दाराची खालची कड. तिथे पाण्याचे फवारे पोचतच नाहीत. मी कापडाने पुसलं तेव्हा काळं बुळबुळीत निघालं.

रसायनी

चांगली आठवण केलीत. यावर अभ्यासही झालाय. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 18 देशांतल्या 189 डिशवॉशरांच्या रबरी सीलचे नमुने तपासले होते, त्यातल्या 62 टक्क्यांवर बुरशी सापडली. उष्णता, क्षार, साबण सगळं सोसणारी काळी यीस्ट त्यात मुख्य. धडधाकट माणसाने घाबरून जायचं कारण नाही, पण आठवड्यातून एकदा कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब घेऊन रबराच्या घड्या पुसायला दोन मिनिटं लागतात. साबण कापडावर घ्या, मशीनमध्ये ओतू नका, नाहीतर फेस ओट्याखालून हॉलपर्यंत.

कडकलक्ष्मी

62 टक्के! मावशींवर एक टक्का बुरशी नाही.

भाकरीबडवे

😂😂 ओ ताई, मावशींना तरी विचारून घ्या आधी.

नळकोंडाळं

धागा आत्ता पाहिला. प्लंबिंगची कामं करून घेण्यात आयुष्य गेलं, म्हणून वेगळी शंका काढतो.

तिखटमीठ म्हणतात फिल्टर साफ, तळमजला, झुरळं. माझं नाक दुसरीकडे वळतंय. तुमच्या मशीनचा सांडपाण्याचा पाईप कुठे सोडलाय? आपल्याकडे घरं बांधली तेव्हा डिशवॉशरचा विचार कुणी केला नव्हता. बसवायला आलेला पोरगा काय करतो, ओट्याखालच्या फरशीच्या जाळीत पाईप खुपसतो आणि जातो. मग गटारातली हवा त्या पाईपमधून थेट मशीनमध्ये. दार बंद असेपर्यंत कळत नाही, उघडलं की दोष ताटल्यांना.

परीक्षा सोपी आहे. मशीन गरम प्रोग्रामवर धुऊन घ्या, सगळी भांडी बाहेर काढा, आत टिपूस अन्न नाही असं बघून दार लावा. रात्रभर रिकामं ठेवा. सकाळी उघडल्यावर वास नसेल तर वरचे सगळे सल्ले तुमच्या कामाचे, कारण वास भांड्यांचा. रिकाम्या मशीनलाही वास असेल तर सोडा-लिंबू विसरा, ओट्याखाली वाका.

पाईप आधी वर चढून मग खाली उतरला पाहिजे. बहुतेक मॅन्युअलमध्ये जमिनीपासून 40 ते 100 सेंटीमीटर उंची दिलेली असते. सर्वात चांगलं म्हणजे सिंकखालच्या साध्या बाटली-ट्रॅपच्या जागी डिशवॉशरसाठी वेगळं तोंड असलेला ट्रॅप मिळतो, तो बसवायचा. दीड-दोनशे रुपयांपासून मिळतो. ट्रॅपमधल्या पाण्यामुळे गटाराची हवा अडते. फरशीच्या जाळीचा ट्रॅप उन्हाळ्यात आटतो हेही लक्षात घ्या, विशेषतः ज्यांच्याकडे पाण्याच्या टंचाईपायी फरशी धुणं बंद आहे त्यांनी.

सातरस्ता

हे भारी सांगितलंत. आमच्याकडे मशीनवाले वॉशिंग मशीनचा आणि डिशवॉशरचा पाईप एकाच जाळीत घालून जातात, वर कापडाचा बोळा कोंबतात.

आत्याबाई

बोळा जुन्या चादरीचा असेल तर निदान सोलापुरी तरी आहे.

तिखटमीठ

एवढे प्रतिसाद! नळकोंडाळं, तुमची परीक्षा केली. रिकाम्या मशीनला सकाळी वास होता आणि तो आंबूस नव्हता, सरळ गटाराचा होता. ओट्याखाली टॉर्च मारली तर पाईप जाळीत वीतभर आत, आणि बाजूच्या फटीतून झुरळाच्या मिश्या. नवऱ्याला बोलावून दाखवलं.

एक शंका. सिंकच्या ट्रॅपपर्यंत पाईप पोचत नाहीये, तोकडा पडतोय. जोड दिला तर चालेल?

नळकोंडाळं

चालेल, पण कंपनीचाच वाढीव पाईप आणि जोड घ्या, सायकलच्या ट्यूबचे प्रयोग नकोत. खूप लांबवला तर पंपावर ताण येतो, किती लांबी चालते ते मॅन्युअलमध्ये असतं. आणि सिंकखाली पाईपचा वरचा वेढा ओट्याच्या खालच्या बाजूला क्लिपने बांधा. नुसता सोडला तर कंपनाने खाली घसरतो.

पाणकळा

पाण्याबद्दल कुणी हिशोब मांडला नाही म्हणून लिहितो. पूर्ण इको प्रोग्रामला साधारण 10 लिटर पाणी लागतं. 'हाफ लोड' बटण दाबलं म्हणून 5 लागत नाही, बचत थोडीशीच. त्यामुळे रोज अर्धं लावणं टंचाईत परवडत नाही. पण बऱ्याच मशीनमध्ये 'प्री-रिन्स' नावाचा पंधरा-वीस मिनिटांचा प्रोग्राम असतो, साबण न घालता गार पाण्याचा, चार-एक लिटरचा. रात्री जेवणं झाल्यावर भांडी आत लावून तो मारायचा आणि दुसऱ्या रात्री खरं धुणं. दोन दिवसांचे मिळून 14 लिटर. नळ मोकळा सोडून विसळलं तर मिनिटाला सहा-आठ लिटर सहज जातं, म्हणजे दोन मिनिटांत तेवढंच.

उजनी भरलं तरी आपल्या नळाला पाणी दिवसाआड येत नाही, हा वेगळा धागा होईल.

भाकरीबडवे

काढा की तो धागा. समांतर जलवाहिनीपासून सुरू करू.

संपादक

पाण्याच्या राजकारणाचे पुढचे काही प्रतिसाद हलवले आहेत. इथे वासावरच बोलावे.

सोलापुरी_टेक्सासात

हलवले म्हणजे पाईप वर चढवून खाली सोडले का?

आत्याबाई

पाणकळा, तुमचं गणित पटलं. पण माझं पातेल्यातलं पाणी झाडाला जातं, तुमचे 4 लिटर गटारात जातात. तेवढं मोजा.

पाणकळा

मोजलं. आत्याबाई जिंकल्या.

तिखटमीठ

अपडेट द्यायचा राहिला. ट्रॅप बदलला, पाईप वर बांधला, फरशीच्या जाळीवर झाकण बसवलं. गटाराचा वास गेला, झुरळंही कमी झाली, त्यामुळे आता दार बोटभर उघडं ठेवता येतं. मूळचा अंड्याचा वास मात्र शिल्लक होता, तो वेगळाच निघाला. त्यासाठी आता अंड्याचं आणि मटणाचं भांडं असेल त्याच रात्री प्री-रिन्स लावते, बाकीच्या दिवशी फक्त निपटून. सोड्याची गरज पडली नाही. सासूबाई आता आत वाकून बघतात आणि काही बोलत नाहीत, म्हणजे ठीक असावं.

अजून एक, आमचं पाणी निम्मं बोअरचं. मशीनमध्ये मीठ संपल्याचा दिवा लागला तर घरातलं मीठ टाकलं तर चालतं का?

सातरस्ता

नाही. खायच्या मिठात आयोडीन आणि मोकळं राहण्यासाठी घातलेले पदार्थ असतात, ते पाणी मऊ करणाऱ्या भागात अडकतात. डिशवॉशरचंच मीठ घ्या. आणि बोअरचं पाणी असेल तर मशीनमधलं कठीणपणाचं सेटिंग वाढवून घ्या. बसवणारे ते कंपनीतून येतं तसंच ठेवून जातात. पाणी किती जड आहे ते बघायची पट्टी बऱ्याचदा मशीनबरोबर येते.

भाकरीबडवे

आता माझा सीरियस प्रश्न. आमच्या हिनं मशीन घ्यायचं मनावर घेतलंय. पुरणयंत्र चालतं का त्यात? होळीला आमच्याकडं वीस माणूस जेवतंय.

आत्याबाई

स्टीलचं असेल तर चालतं, जाळी आणि दांडा वेगळे करून लाव. जाळीतलं पुरण आधी काडीने काढ. ॲल्युमिनियमचं असेल तर आत घालूच नको, काळं ठिक्कर पडतं. बिडाचा तवा आणि लाकडी पोळपाटही बाहेरच ठेव.

भाकरीबडवे

ॲल्युमिनियमचंच आहे ओ. म्हणजे ते मलाच घासायचं.